केंद्रकाच्या दाराआधीचं काम: यीस्टमधलं एमआरएनए बाहेर कसं पडतं

सोलापुरात एमएस्सीच्या दुसऱ्या वर्षाला असलेल्या एका विद्यार्थिनीचा प्रश्न आला आहे. ती विचारते, "मॅडम, पुस्तकात केंद्रकातून पेशीद्रव्याकडे जाणारा एक बाण आहे आणि त्यावर 'निर्यात' एवढंच लिहिलंय. यीस्टमध्ये आरएनएला चिकटणारी प्रथिनं एमआरएनएला, म्हणजे जनुकातला संदेश पेशीद्रव्याकडे नेणाऱ्या आरएनएला, बाहेर जायला 'तयार करतात' म्हणजे नेमकं काय करतात? आणि यातलं काही आपल्या कॉलेजच्या लॅबमध्ये बघता येईल का?"

तुझ्या प्रश्नातला 'तयार करतात' हाच शब्द कळीचा आहे, म्हणून तिथूनच सुरुवात करते. यीस्टच्या केंद्रकछिद्रातून, म्हणजे केंद्रकाच्या आवरणातल्या दारातून, एक एमआरएनए पलीकडे जायला साधारण २०० मिलिसेकंद लागतात. पापणी लवते तेवढा वेळ. २०१५ साली जिवंत यीस्टमध्ये एकेका रेणूवर नजर ठेवून हे मोजलं गेलं. म्हणजे पुस्तकातल्या त्या बाणावरचा प्रत्यक्ष प्रवास क्षणाचा आहे. खरं काम त्याच्या आधी होतं, आरएनएचं पहिलं टोक पॉलिमरेजमधून (डीएनए वाचून आरएनए लिहिणाऱ्या एन्झाइममधून) बाहेर डोकावतं तेव्हापासून. बावीस वर्षं यीस्ट हाताळल्यावर माझं मत असं झालं आहे की बाहेर जाण्याचा वेगळा परवाना पेशीत कुणी देत नाही. आधीची कामं पुरी झाली, हाच परवाना. आणि ती पुरी झाली की नाही हे कळतं त्या घडीला आरएनएवर कोणती प्रथिनं बसली आहेत यावरून.

आधी अडचण समजून घे. आपल्या पेशी विभागताना केंद्रकाचं आवरण विरघळतं आणि नंतर पुन्हा तयार होतं. यीस्टमध्ये ते कधीच उघडत नाही, विभाजनातसुद्धा नाही. त्यामुळे आत तयार झालेल्या प्रत्येक एमआरएनएला छिद्रातूनच जावं लागतं. हे छिद्र म्हणजे नुसतं भोक नाही. सुमारे ३० प्रकारच्या प्रथिनांच्या मिळून साडेपाचशेच्या आसपास प्रती एकत्र येऊन ते बनतं, आठ पाकळ्यांच्या सममितीत. त्याच्या पोटात फिनाइलअॅलनिन आणि ग्लायसिनच्या जोड्या पुन्हापुन्हा येणाऱ्या लोंबत्या साखळ्यांचं जाळं असतं. हे जाळं पाण्यापासून दूर राहणाऱ्या गोष्टींना सामावून घेतं. आरएनए याच्या अगदी उलट: लांबच लांब, ऋणभाराने भरलेलं, पाण्यात रमणारं. दीड हजार अक्षरांचं (आरएनएच्या साखळीतला एकेक दुवा म्हणजे अक्षर) आरएनए सरळ ताणलं तर अर्धा मायक्रॉन सहज भरेल, आणि यीस्टचं अख्खं केंद्रक जेमतेम दोन मायक्रॉनचं. अशी उघडी, गुंतणारी दोरी त्या जाळ्यातून जाणार नाही. तिला गुंडाळायला हवं, आणि त्या गुंडाळीवर असं काही बसायला हवं ज्याला ते जाळं आत घेईल.

हे 'असं काही' म्हणजे मेक्स६७ आणि त्याचा जोडीदार एमटीआर२. १९९७ मध्ये जर्मनीतल्या हायडेलबर्गच्या एड हर्ट यांच्या प्रयोगशाळेने मेक्स६७ चं हे काम दाखवलं. ही जोडी छिद्रातल्या त्या साखळ्यांना अलगद चिकटत, सुटत पलीकडे जाते. प्रथिनांच्या आणि टीआरएनएच्या (प्रथिन बनताना अमिनो आम्लं आणून देणाऱ्या आरएनएच्या) ने-आणीला रॅन नावाच्या प्रथिनाचा उतार, म्हणजे केंद्रकाच्या आत आणि बाहेर त्याच्या रूपात असलेला फरक, लागतो, तो इथे थेट वापरला जात नाही. परीक्षेत हा फरक हमखास चुकतो, लक्षात ठेव. माणसात याच जोडीला टॅप आणि पी१५ म्हणतात. मेक्स६७ आणि एमटीआर२ नसलेल्या यीस्टमध्ये माणसाची ही जोडी घातली तर ते यीस्ट जगतं, हे १९९९ मध्येच दिसलं. मला हा प्रयोग फार मोलाचा वाटतो. पावाच्या पिठातला जीव आणि आपण यांच्यामध्ये शंभर कोटी वर्षांहून जास्त अंतर आहे, तरी दारातून न्यायची पद्धत एकच राहिली.

पण मेक्स६७ ची आरएनएवरची पकड स्वतःच्या बळावर ढिली असते. त्याला कुणीतरी हात धरून बसवावं लागतं. ही बसवणारी प्रथिनं म्हणजेच तू विचारलेली आरएनएला चिकटणारी प्रथिनं.

ती येतात कशी ते बघ. पॉलिमरेज-२ जनुक वाचत पुढे सरकतं, मिनिटाला हजार-दोन हजार अक्षरं. पहिली वीस-पंचवीस अक्षरं बाहेर आली की टोकावर कॅप, म्हणजे टोक झाकणारी रासायनिक टोपी, बसते आणि कॅपला सीबीपी२० आणि सीबीपी८० ही जोडी धरते. मागोमाग टीएचओ नावाचा प्रथिनसंच पॉलिमरेजसोबत चालू लागतो. त्यात टीएचओ२, एचपीआर१, एमएफटी१, टीएचपी२ अशी मंडळी. हा संच सब२ नावाच्या एटीपी वापरणाऱ्या प्रथिनाला नव्या आरएनएवर आणतो, आणि सब२ जवळ वायआरए१ येतं. या सगळ्यांना मिळून ट्रेक्स म्हणतात. लेखन आणि निर्यात यांना जोडणारा संच म्हणून २००२ मध्ये त्याचं वर्णन झालं. आता यातली बारीक गोष्ट अशी की वायआरए१ वर सब२ जिथे बसतं तिथेच मेक्स६७ सुद्धा बसतं. दोघं एका वेळी बसू शकत नाहीत. म्हणजे सब२ सरकल्याशिवाय मेक्स६७ ला जागाच नाही. एका हातातून दुसऱ्या हातात सोपवणं असं रेणूंच्या पातळीवर लिहून ठेवलेलं आहे.

हे आवरण वेळेवर चढलं नाही तर फक्त निर्यात अडते असं नाही. एचपीआर१ नसलेल्या पेशीत नवं आरएनए उघडं राहतं आणि मागे वळून ज्या डीएनएवरून ते लिहिलं गेलं त्यालाच पुन्हा चिकटतं. याला आर-लूप म्हणतात. २००३ मध्ये हे दाखवलं गेलं. दुसरी डीएनए पट्टी मग एकटी लोंबकळते, तुटते, जनुकसंच अस्थिर होतो. तेव्हा ही प्रथिनं 'निर्यातीची' म्हणून वेगळी काढून शिकवणं मला पटत नाही. आरएनएला जन्मतः पांघरूण घालणं हे त्यांचं पहिलं काम, निर्यात हा त्याचा पुढचा परिणाम.

आता एनपीएल३. माझ्या मते अख्खी गोष्ट समजायला हे एक प्रथिन पुरेसं आहे, म्हणून इथे थोडं थांबते. एनपीएल३ आरएनए लिहिलं जात असतानाच त्यावर बसतं, पण सुरुवातीला मेक्स६७ शी त्याचं जुळत नाही, कारण त्याच्या शेवटाजवळ एक फॉस्फेट लागलेलं असतं. आरएनएचं शेवटचं टोक कापलं जातं, पॉली-ए शेपटी (नुसत्या 'ए' अक्षरांची माळ) लागू लागते, त्या टप्प्यावर जीएलसी७ नावाचं एन्झाइम ते फॉस्फेट काढून टाकतं. फॉस्फेट गेलं की मेक्स६७ येऊन बसतं. मग दोघं आरएनएसोबत बाहेर जातात. बाहेर स्काय१ नावाचं किनेज, म्हणजे फॉस्फेट लावणारं एन्झाइम, पुन्हा फॉस्फेट लावतं, एनपीएल३ आरएनएवरून सुटतं, आणि एमटीआर१० त्याला धरून केंद्रकात परत आणतं, पुढच्या आरएनएसाठी. हे २००४ मध्ये क्रिस्टीन गथ्री यांच्या प्रयोगशाळेतून आलेलं काम. यात 'आरएनए तयार आहे का' हे तपासणारं तिसरं कुणी नाही. टोक कापलं गेल्याशिवाय फॉस्फेट निघत नाही, फॉस्फेट निघाल्याशिवाय मेक्स६७ बसत नाही. बस्स.

तू चादरीचा कारखाना आतून पाहिला असशीलच, नसशील तर अक्कलकोट रोडच्या एमआयडीसीत कुणाच्या तरी ओळखीने जाऊन ये. मागावरून कापड सलग उतरतं. मग कटिंग, मग कडा शिवणं, लेबल, घडी, गठ्ठा. कड न शिवलेली चादर घडी घालणाऱ्या बाईच्या हातात येतच नाही. आधीचा हात सुटला की पुढचा हात लागतो. यीस्टमध्ये फरक इतकाच की विणून संपायची वाट कुणी बघत नाही. विणकाम चालू असतानाच पहिल्या टोकाची कड शिवून झालेली असते.

शेपटीचं काम नॅब२ कडे आहे. यीस्टमध्ये नव्या एमआरएनएची पॉली-ए शेपटी साधारण ६० ते ८० अक्षरांची. पॅप१ हे एन्झाइम ती लांबवत नेतं. नॅब२ आपल्या झिंक फिंगरांनी (जस्ताच्या आधाराने घडी झालेल्या, बोटांसारख्या भागांनी) ती शेपटी धरतं आणि पॅप१ ला थांबवतं. नॅब२ कमी पडलं तर शेपट्या भलत्याच लांब होतात आणि आरएनए केंद्रकात साचतं. म्हणजे शेपटीची लांबी मोजणारं प्रथिन आणि बाहेर जाण्यासाठी लागणारं प्रथिन एकच. नॅब२ सगळ्यात आधी सापडलं तेही असंच: पेशींवर अतिनील प्रकाश टाकायचा, त्याने आरएनए आणि त्याला अगदी लगटून असलेली प्रथिनं कायमची जोडली जातात, मग शेपटीच्या आधाराने आरएनए ओढून काढायचं आणि सोबत काय आलं ते पाहायचं.

जाता जाता नावांबद्दल. या क्षेत्रातले जुने पेपर वाचताना गोंधळशील, कारण एकाच प्रथिनाला चार-चार नावं आहेत. एनपीएल३ म्हणजेच नॉप३, म्हणजेच एमटीआर१३, म्हणजेच नॅब१. वेगवेगळ्या लोकांना ते वेगवेगळ्या वाटेने सापडलं. त्यातली 'एमटीआर' आणि 'आरएटी' ही नावं १९९० च्या दशकातल्या सुरुवातीच्या म्युटंट-शोधांतून आली आहेत. यीस्टच्या उष्णतेला हळव्या असलेल्या म्युटंटमधून (जनुकात बदल झालेल्या वाणांमधून), ३७ अंशाला नेल्यावर ज्यांचं पॉली-ए आरएनए केंद्रकात अडकतं ते वेचायचे, अशी ती मोहीम होती. डीबीपी५ चं जुनं नाव आरएटी८, आणि एनयूपी१५९ चं आरएटी७. वहीच्या मागच्या पानावर नावांचा तक्ता करून ठेव, खूप वेळ वाचेल.

दारापाशी आल्यावर काय होतं? छिद्राच्या आतल्या बाजूला एक टोपलीसारखी रचना असते. तिथे एमएलपी१ आणि एमएलपी२ ही लांब प्रथिनं आहेत. एमएलपी१ नॅब२ ला धरतं, म्हणजे तयार झालेलं आरएनए इथे टेकतं. याच सुमारास टॉम१ नावाचं एन्झाइम वायआरए१ ला युबिक्विटिन हे खुणेचं छोटं प्रथिन लावतं आणि वायआरए१ उतरतं, ते बाहेर जात नाही. नॅब२, एनपीएल३ आणि मेक्स६७ मात्र सोबत जातात. एमएलपी१ काढून टाकलं तर इंट्रॉन, म्हणजे आरएनएमधले कापून टाकायचे मधले तुकडे, न कापलेलं आरएनए बाहेर गळू लागतं. यीस्टच्या जेमतेम पाच टक्के जनुकांत इंट्रॉन आहेत, तेव्हा 'एवढ्याशासाठी एवढी व्यवस्था?' असं वाटेल. पण रायबोसोमच्या प्रथिनांची बहुतेक जनुकं त्या पाच टक्क्यांत येतात आणि ती सतत वाचली जातात, त्यामुळे पेशीतल्या एकूण एमआरएनएपैकी चौथा हिस्सा तरी इंट्रॉनवाल्या जनुकांचा असतो. जीबीपी२ आणि एचआरबी१ ही दोन प्रथिनं अशा आरएनएवर बसून असतात. स्प्लायसिंग, म्हणजे इंट्रॉन कापून उरलेले तुकडे जोडणं, नीट झालं तर ती मेक्स६७ ला बोलावतात. नाही झालं तर एमटीआर४ च्या वाटेने आरएनए एक्झोसोमकडे, म्हणजे तोडफोडीकडे जातं. एकाच प्रथिनाचे दोन हात, आणि कोणता पुढे होईल हे काम झालं की नाही यावर ठरतं.

पलीकडच्या बाजूचं थोडक्यात सांगते, कारण तुझा प्रश्न तयारीचा आहे. बाहेरच्या तोंडाशी एनयूपी१५९ ला डीबीपी५ टांगलेलं असतं. जीएलई१ त्याला चालना देतं आणि ते आरएनएवरून मेक्स६७ आणि नॅब२ उतरवतं. वाहकच उतरला, तर आरएनए मागे कसं जाणार? प्रवास एकदिशा होतो तो यामुळे. जीएलई१ ला मदतीला एक छोटा रेणू लागतो, इनोसिटॉल हेक्साकिसफॉस्फेट. हाच फायटिक आम्लाचा रेणू. आपल्या मालदांडी ज्वारीच्या दाण्यात फॉस्फरसचा साठा याच रूपात असतो. दाण्यात साठवण आणि यीस्टच्या दारात चावी, एकच रेणू दोन्ही ठिकाणी भेटतो याचं मला अजूनही अप्रूप आहे.

आता उष्णतेची गोष्ट, कारण माझ्या म्हणण्याचा सगळ्यात भक्कम पुरावा तिथे आहे.

काही वर्षांपूर्वी एप्रिलमध्ये मी मेक्स६७-५ हा म्युटंट घेऊन विद्यार्थ्यांना प्रयोग दाखवत होते. हा म्युटंट २५ अंशाला ठीक वाढतो, ३७ अंशाला नेला की काही मिनिटांतच पॉली-ए आरएनए केंद्रकात अडकतं. एक फ्लास्क ३७ ला, एक २५ ला, ही आमची तुलना. मधे वीज गेली. कुणीतरी २५ चा फ्लास्क बंद पडलेल्या शेकरमधून काढून टेबलावर ठेवला. टेबलाजवळचा थर्मामीटर ३९ दाखवत होता. दुसऱ्या दिवशी मायक्रोस्कोपखाली पाहिलं तर दोन्ही फ्लास्कमधल्या पेशींत एकेक लख्ख ठिपका, जिथे डॅपीचा (डीएनएला चिकटणाऱ्या रंगाचा) निळा ठिपका, म्हणजे केंद्रक, तिथेच. दोन तास आम्ही प्रोबमध्ये, म्हणजे आरएनएला चिकटून चमकणाऱ्या रंगीत तुकड्यात, दोष शोधत राहिलो. दोष प्रोबचा नव्हता, 'कंट्रोल' म्हणवणारा फ्लास्क दुपारभर ३७ च्या वरच होता. तेव्हापासून माझ्या हाताखालच्या प्रत्येकाला मी फ्लास्कमध्ये थर्मामीटर बुडवून आकडा वहीत लिहायला लावते.

ते म्युटंटचं झालं. पण साध्या, निरोगी यीस्टला ४२ अंशाला नेलं, म्हणजे मे महिन्यात आपल्या गावात पारा जिथे जातो तिथे, तर काय होतं? रोजच्या एमआरएनएची निर्यात जवळपास थांबते. नॅब२, वायआरए१ आणि एमएलपी१ केंद्रकातच गोळा होऊन ठिपके करतात. आणि त्याच वेळी उष्णताघाताच्या प्रथिनांचं, म्हणजे उष्णतेच्या तडाख्यात पेशीला सावरणाऱ्या प्रथिनांचं, एमआरएनए मात्र झपाट्याने बाहेर पडत असतं. २०१६ मध्ये याचं कारण पुढे आलं: ताण आला की एनपीएल३ सारखी बसवणारी प्रथिनं साध्या आरएनएवरून सुटतात, आणि उष्णताघाताच्या आरएनएवर मेक्स६७ त्यांच्याशिवाय, थेट बसतं. लिहिणं चालू असतानाच ते जनुकापाशी आणलं जातं.

याचा अर्थ नीट बघ. मेक्स६७ ला त्या मधल्या प्रथिनांशिवाय दार ओलांडता येतं. मग नेहमीच्या दिवशी ती कशाला? खात्रीसाठी. आरएनएवर वायआरए१, एनपीएल३, नॅब२ यांची फौज असते ती दार जड आहे म्हणून नाही. कॅप, स्प्लायसिंग, कापणी, शेपटी यातलं प्रत्येक काम झाल्याशिवाय मेक्स६७ ला जागा मिळू नये म्हणून. जीव वाचवायचा प्रसंग आला की पेशी वेगापुढे ही खात्री बाजूला ठेवते. सेमिनारमध्ये एकच स्लाइड दाखवायची असेल तर ही तुलना दाखव, ३० अंश आणि ४२ अंश शेजारीशेजारी.

हे सगळं यीस्टपुरतं आहे असंही समजू नकोस. माणसाच्या जीएलई१ मधल्या दोषाने गर्भातच जीव घेणारा एक आजार होतो, फिनलंडमधल्या कुटुंबांत तो २००८ मध्ये उलगडला. नॅब२ चं मानवी भावंड झेडसी३एच१४, त्यातल्या दोषाने बौद्धिक अपंगत्व येतं. फ्लूच्या विषाणूचं एनएस१ प्रथिन आपल्या पेशीतल्या याच यंत्रणेला अडवून बसतं.

तुझा दुसरा प्रश्न: कॉलेजमध्ये बघता येईल का? हो. साधा फ्लुरोसन्स मायक्रोस्कोप, १०० पटीची ऑइल लेन्स आणि डॅपी असेल तर पुरे. सायथ्री हा चमकणारा रंग लावलेला ऑलिगो-डीटी ('टी' अक्षरांचा छोटा डीएनए तुकडा) प्रोब मागव, तो पॉली-ए शेपट्यांना चिकटतो. मेक्स६७-५ चा स्ट्रेन, म्हणजे यीस्टचा तो वाण, एखाद्या यीस्टवर काम करणाऱ्या प्रयोगशाळेला पत्र लिहून मागितला तर मिळतो, लोक देतात. पेशी स्थिर करताना आधी सेंट्रिफ्यूज करू नकोस. फॉर्माल्डिहाइड थेट फ्लास्कमध्येच ओत, ज्या तापमानाला पेशी आहेत त्याच तापमानाला. सेंट्रिफ्यूजच्या पाच मिनिटांत चित्र बदलतं. मग झायमोलायेज या एन्झाइमने पेशीची भिंत पातळ करायची, पण अर्धवटच. जास्त झाली तर पेशी फुटतात, कमी झाली तर प्रोब आत जात नाही. दर पाच मिनिटांनी एक थेंब स्लाइडवर घेऊन बघ: फेज कॉन्ट्रास्टमध्ये चमकणाऱ्या पेशी राखाडी, मंद दिसू लागल्या की थांब. रात्रभर प्रोबसोबत ठेव, सकाळी धू, डॅपी लाव.

निरोगी पेशीत लाल रंग पेशीभर पसरलेला दिसेल. अडलेल्या पेशीत तो निळ्या ठिपक्यावर येऊन बसलेला असेल. किमान शंभर पेशी मोज, आणि मोजताना कोणती स्लाइड कोणती हे मैत्रिणीला झाकून ठेवायला सांग. शक्य असेल तर हे काम डिसेंबर-जानेवारीत, गड्ड्याच्या यात्रेच्या आधी उरक. उन्हाळ्यातच करावं लागलं तर २५ अंशाचा फ्लास्क शेकरवर सोडू नकोस, थर्माकोलच्या खोक्यात गार पाण्यात ठेव आणि त्यात थर्मामीटर बुडवून दर दहा मिनिटांनी आकडा लिही.